ग्लासगोत टेकलेली पाठ

ग्लासगो, १२ नोव्हेंबर १९३५

तीर्थस्वरूप दादांचे चरणी हैबतीचा दंडवत. वि. वि.

मी हितं खुशाल हाय. आबांची तब्येत कशी हाय ते कळवा. हितल्या लोकांना चेंडूचं याड. शनिवारी सारं शहर मैदानाकडं धावतं. हॅम्पडनच्या मैदानात लाखावर माणूस मावतं म्हणे; आपली भोरची जत्रा एका कोपऱ्यात बसंल. कुस्ती मात्र मातीत न्हाई. फळ्यांवर जाड कापड, चौफेर दोर. पहिल्या दिवशी माती उचलाया हात खाली गेला, अन् रिकामाच वर आला.

पुण्याच्या फडातून मला आणणारा ठेकेदार जरीचा फेटा बांधून मला राजपुत्र म्हणून उभा करतो. तरी झाल्या तेवढ्या कुस्त्या मारल्या. हितल्या कुस्ती क्लबाचा म्हातारा वस्ताद मॅकफी रोज माझ्याकडून डाव करून घेतो. त्याची भाषा कळत न्हाई, हात कळतो.

आबांस्नी सांगा, पाठ अजून कोरी हाय, कुणी टेकवली न्हाई. धाकट्यावर माया असू द्यावी.

हैबती

उत्रोली, १० डिसेंबर १९३५

चि. हैबतीस कोंडिबाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तालमीत मोठ्यानं वाचलं. तुझा जोडीदार सावळाराम म्हणाला, राजपुत्राच्या म्हशी आता कोण धुणार? पोरं लई हसली.

पुढचं हसण्यावारी नेण्यासारखं न्हाई. आबा अंथरुणाला खिळलेत. डॉक्टर म्हणाले, उन्हाळा निघणं कठीण. आबा सारखं विचारतात, हैबती कुठवर आला. जमंल तसा निघ. जिवाला जप.

तुझा दादा

ग्लासगो, २० जानेवारी १९३६

तीर्थस्वरूप दादांस दंडवत.

पत्र पोचलं. ठेकेदाराला म्हणालो, घरी धाड. त्यानं करार दाखवला. मग म्हणाला, हितल्या लोकांच्या लाडक्या पैलवानाखाली पड, म्हणजे एप्रिलच्या बोटीत बसवतो.

शनिवारी पडलो. दादा, त्याला मी कवाबी उचलून टाकला असता. मीच पाठ टेकली. लोकांनी टोप्या उडवल्या. मॅकफीनं मात्र वळखलं. क्लबात गेलो तर त्यानं हात मागं घेतला. घरी बाप आजारी हाय, एवढंबी मला त्याच्या भाषेत सांगता आलं न्हाई.

आबांस्नी दुसऱ्याकडून कळू नये. तुमीच सांगा. म्हणावं, तुमच्या भेटीसाठी पडलो. माझ्यावर राग धरू नका.

हैबती

उत्रोली, २ मार्च १९३६

चि. हैबतीस आशीर्वाद.

तू लिहिलंस तसं आबांस्नी सांगितलं. लपवावं असं मनात आलं व्हतं, पण त्यांच्यापुढं मला खोटं कधी जमलं न्हाई. आबा म्हणाले, माझ्यापायी पडला? मग त्यो न्हाई पडला, त्यानं मला पाडलं. मी भांडलो. म्हणालो, आयुष्याची कमाई त्यानं तुमचं तोंड बघाया घालवली. आबा म्हणाले, आता तोंड दावू नको म्हणावं. त्याचा खांदाबी नको मला.

त्यानंतर त्यांनी पेजेला तोंड लावलं न्हाई. शिवरात्रीला गेले. अग्नी म्या दिला.

तू ये. शेत हाय, मी हाय. लोभ व्हता तेवढाच हाय. तालमीतली पोरं तुझं नाव घेत न्हाईत. मी सांगून थकलो. बोट लागली की कळव, भोरपर्यंत घ्यायला येतो. मात्र गावात शिरताना तालमीवरून नको. ओढ्याकडच्या वाटेनं येऊ.

तुझा दादा, कोंडिबा