ट्रॉलीच्या पोटातला क्रम

अण्णा, आज मला फार हायसं वाटतंय, आणि ते तुम्हालाच सांगावंसं वाटलं. मी कॉम्प्युटरवर नेमकं काय करते, हे तुम्हाला समजावून सांगायची वेळ आली नाही. तुम्ही आधीच गेलात. असता तर अर्ध्यातच "बरं बरं, जेवलीस का?" म्हणून सुटका करून घेतली असती. आता मात्र सगळं ऐकावं लागेल.

चाकणला गाड्यांच्या सीट बनवणारा एक कारखाना आहे. तिथून सीट ट्रॉल्यांत भरून गाड्यांच्या कारखान्यात जातात, आणि तिथे लाइनवर गाड्या ज्या क्रमानं येतात त्याच क्रमानं सीट हाताशी याव्या लागतात. एक जरी पुढेमागे झाली तरी लाइन थांबते. कोणती ट्रॉली आधी आणि तिच्यात कोणती सीट कितवी, हे भरणाऱ्याला स्क्रीनवर दिसतं. त्या स्क्रीनचा प्रोग्राम आमच्या टीमनं लिहिलेला. गेल्या पंधरवड्यात दोनदा लाइन थांबली आणि खापर फुटलं ते भरणाऱ्यावर. महाळुंग्याकडचा कंत्राटी माणूस. सोमवारपासून येऊ नकोस, असं ठेकेदारानं त्याला सांगून टाकलेलं. मी चौकशीला गेले तेव्हा तो एवढंच म्हणाला, "म्याडम, स्क्रीनवर दिसलं तसंच भरलं. आमी कशाला आमच्या मनानं भरू?"

ते ऐकलं आणि तुम्ही आठवलात. मी शाळेत होते तेव्हाची ती दुपार. मी स्वयंपाकघराच्या दारात बसून गणितं सोडवतेय, पिंपरी कॅम्पातून तुम्ही आणलेल्या कॅल्क्युलेटरवर. तुम्ही भर दुपारीच घरी येता. पेट्या भलत्याच गेटवर उतरल्या म्हणून कंपनीनं तुमच्या टेम्पोला माल देणं बंद केलेलं असतं, आणि मालाच्या चलनावर गेट चुकीचं लिहिलेलं असतं कंपनीच्याच ऑफिसनं. आई विचारते, "मग सांगितलं न्हाई का त्यांना?" तुम्ही भाकरी मोडत म्हणता, "सांगितलं की. ऐकणारं कुणी पायजे का न्हाई?" आणि माझ्यावर ओरडता, "तू काय बघायलीस? गणित कर." त्यानंतर किती तरी दिवस टेम्पो दारातच उभा होता. मला अजून राग येतो, ऑफिसातल्या त्या माणसाचा.

मग मी हट्टालाच पेटले. प्रोग्राम उलटापालटा करून पाहिला तेव्हा कळलं. डेटाबेसकडून माहिती मागताना आम्ही ट्रॉल्यांचा क्रम सांगितला होता, पण प्रत्येक ट्रॉलीच्या पोटातल्या सीटचा सांगितलाच नव्हता. सीट नोंदवल्या त्याच क्रमानं बाहेर यायच्या, म्हणून आम्ही समजलो, आपोआप होतंय. पण ऐनवेळी ऑर्डर बदलली की एक सीट खोडून नवी नोंदली जायची आणि ती जाऊन बसायची सगळ्यांच्या शेवटी. चाचणी घेताना ऑर्डर बदलून पाहायचं कुणाला सुचलंच नाही. आधी मी घाईत सीटचा क्रमांक बाहेरच्या, ट्रॉल्यांच्या क्रमातच कोंबला, तर ट्रॉल्यांचीच ढकलाढकली सुरू झाली, एकच ट्रॉली पुन्हा पुन्हा दिसायला लागली. मग जिथे ट्रॉलीतल्या सीट मागवतो तिथे, आतच, क्रम लावायला सांगितलं. एक ओळ, अण्णा! ऑर्डर मुद्दाम बदलून पाहिली, सीट जागच्या जागी. जीव भांड्यात पडला.

सीटच्या कारखान्यातल्या मॅनेजरला जाऊन सांगितलं, चूक स्क्रीनची आहे, माणसाची नाही. तो बराच वेळ कुरकुरला, पण ठेकेदाराला फोन माझ्यासमोरच लावला. भरणारा बाहेर उभा होता. "मंजी सोमवारी येऊ नव्हं?" मी म्हटलं, "या." तो हसला, म्हणाला, "बरं झालं राव. घरी अजून सांगितलंच नव्हतं." मला रडूच आलं, आणि बरंही वाटलं.

हे पत्र कुठे टाकायचं? राहू दे इथेच. फक्त एक सांगते. ऑफिसात सगळे म्हणतात, चूक सापडल्याबरोबर ही धावत सांगायला गेली. तसं झालं नाही. ती एक ओळ प्रोग्राममध्ये गुपचूप घातली असती तर स्क्रीन सुधारली असती, आमचं नाव राहिलं असतं आणि तो माणूस निमूट घरी गेला असता. मॅनेजरकडे जाण्याआधी टपरीवर, हातातल्या चहावर साय धरेपर्यंत मी तोच विचार करत बसले होते.