बुजवलेल्या विहिरीची ओ

३ मार्च, धाराशिव
आज रुजू झाले! भूमहून सकाळच्या एसटीनं आले. आईनं बांधून दिलेली धपाटी ऑफिसात सगळ्यांनी फस्त केली. सगळे म्हणजे मी आणि मालक, गुरुसिद्धप्पा सर. आमची कंपनी गावोगावच्या विहिरींत पाणी मोजायचे मीटर बसवते. पाणी किती उरलंय ते मोबाईलवर दिसतं. मीटरला रिक्वेस्ट पाठवून उत्तर आणायचं काम एक छोटीशी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा तुकडा, करते. माझ्याआधीच्या उमाशंकरनं लिहिलेली. नाव ‘हाक’. एका पानात मावेल एवढा कोड, पण काय देखणा! हाक मारते, थोडं थांबते, ओ आली तर आणून देते, नाही आली तर गप माघारी येते.

खोलीही त्याच्याच आईकडं मिळाली. गजराबाई म्हणाल्या, “पोरगं पुण्याला गेलंय म्हणं. फोन बी करीना. शिवप्रिया, तू तरी माझ्यासंगं जेवत जा.”

७ मार्च
सगळ्या विहिरी तपासून काढल्या. येडशीजवळची एक गेल्या वर्षीच बुजवलीय. तिचा मीटर कपाटात पडलाय, बॅटरीसुद्धा काढलेली. तरी तिच्याकडून उत्तर आलं. आकड्याच्या जागी एकच अक्षर: ‘ओ’.

उमाशंकरनं गंमत म्हणून लिहून ठेवलं असणार. हसू आलं. सगळा कोड चाळला. असं कुठंच काही नाही.

१० मार्च
इंटरनेटची वायर काढून पाहिली. तरी उत्तर. ‘सर, माती टाकू नका.’

सरांना दाखवलं. त्यांनी ऑफिसचं दार लावून घेतलं. मग बोलू लागले, माझ्याकडं न बघता. उमाशंकर बिघडलेला मीटर काढायला विहिरीत उतरला होता. मीटर दोरानं वर पाठवला आणि कड ढासळली.

“दुपारपर्यंत आवाज येत होता,” म्हणाले. “पण उतरणार कोण? बोभाटा झाला असता. जेसीबी बोलावला.”

आवाज येत असताना.

पुण्याचं गजराबाईंना त्यांनीच सांगितलेलं.

११ मार्च
पोलिसांत जायचंच. पण आधी गजराबाईंना सांगितलं. रडल्या नाहीत. तव्यावरची भाकरी करपून काळी झाली, तरी तिच्याकडंच बघत होत्या. मग म्हणाल्या, “चल. मला तिथं ने.”

येडशी, दुपार
मोबाईलवरच लिहितेय. पोलिसांना फोन केलाय, निघालेत. ऊन मी म्हणतंय. विहिरीच्या जागी नुसता मातीचा गोल, गवतही उगवलेलं नाही. गजराबाई त्यावर पालथ्या पडून कान लावून ऐकतायत. आवाज येतोय म्हणतात.

मला काहीच ऐकू येत नाही —

‘हाक’ पाठवली. उत्तर: ‘आईला उठव.’

परत. ‘आईला उठव तिथून.’

दंडाला धरून ओढलं. झटकून टाकलं मला. म्हणतात, सोड, उमा बोलावतोय —

माती खाली चाललीय. त्यांचे हात कोपरापर्यंत आत —

मोबाईल डोळ्यांपुढं धरला. वाचा, म्हटलं. बघतच नाहीत. नवीन उत्तर आलंय, मी न विचारता —

‘मी बोलावत नाही.’

मग खालून हे कोण