चांगला पाय

बाई, तुम्ही आणि मी आयुष्यभर एकाच गोष्टीवर चिडलो: वाढ म्हटली की माणसं टाळ्या वाजवतात, थांबणं म्हटलं की दचकतात. तुम्ही जीवशास्त्राच्या वर्गात चिडायचात, मी वाढत्या बांधकामांविरुद्ध वसईभरच्या सभांतून. आज मी घरातच चिडले आहे आणि ऐकायला कोणी नाही. माझी दहा वर्षांची नात वाडीच्या दगडी गडग्यावरून पडली, तेव्हा डाव्या गुडघ्याजवळचा, हाडाला लांबी देणारा कूर्चेचा थर दुखावला. आता उजवा पाय भराभर वाढतोय, डावा रेंगाळतोय. "आजी, मी होडीसारखी डुलते," म्हणून पोर हसते. डॉक्टर म्हणतात, उजव्या गुडघ्याजवळची वाढ आताच रोखू, म्हणजे डावा त्याला गाठेल. तिची उंची वाढायची थांबली की हा उपाय हातातून गेला. आणि माझा मुलगा म्हणतो, "चांगल्या पायाला सुरी? वेड लागलंय का त्यांना?"

अजून डोळ्यांपुढे आहे: पापडीच्या शाळेत तुम्ही फळ्यावर गर्भातला हात काढता आहात, नुसतं वल्ह्याचं पातं. "बोटं कुठून आली गं?" मी ठसक्यात सांगते, "वाढली, बाई." "बस खाली. मधल्या पेशी मेल्या म्हणून सुटी झाली. नाहीतर बदकासारखी पोहली असतीस." वर्ग हसतो. मग तुम्ही विचारता, दोन पाय एकमेकांना न विचारता सारखे कसे होतात, कुठे थांबायचं हे त्यांना कोण सांगतं? आम्ही बाकाखाली आपापले पाय बघतो. "मलाही पुरतं ठाऊक नाही," तुम्ही म्हणता.

हे सगळं मी काल जेवताना मुलाला ऐकवलं. "आई, ही सभा नाही."

"अरे, फण्या पुरेशा बसल्या की केळफूल तूच कापतोस ना? घड पोसावा म्हणूनच ना?"

"माझी पोर केळ नाही," म्हणाला आणि ताटावरून उठला.

खरंच नाही. मैदानं गाजवणारी मी, त्याच्या मागे न जाता हे लिहीत बसले. तुम्ही गेलात, तुमच्यापर्यंत ते पोचणार नाही आणि त्याला मी दाखवणार नाही. त्या निरोगी गुडघ्यावर चिरा पडणार म्हटलं की मीही घाबरते. तेवढं सोडून मी त्याला सगळं सांगितलं. आता आधी तेच सांगते आणि मग म्हणते: बाळा, भीती दोघांनाही आहे, उद्या आपण दोघं मिळून तिला डॉक्टरांकडे नेऊ.