सगळ्यात पुढची खाच

९ फेब्रुवारी

आज पुन्हा! चौकाच्या तोंडाशी असलेला स्पीडब्रेकर उतरलो आणि महाराणी गप्प. इंजिन बंद, मागे हॉर्नचा कल्लोळ. नवी कोरी गाडी, अजून सीटवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही!

स्टिअरिंगवर नर्स होती. तिचा आठवा धडा. एकाने खिडकीतून डोकं काढून सुनावलं, "आधी शिका, मग रस्त्यावर या!" अरे शहाण्या, शिकतेच आहे ती! टपावर एवढा मोठा 'शिकाऊ'चा बोर्ड मिरवतोय तो काय उगाच?

नर्स रडवेली झाली. "मॅडम, क्लच मी नीट दाबला होता हो." दाबला होता. मी बघत होते. इतकी वर्षं बायकांना गाडी शिकवतेय, माझी अर्धी नजर कायम शिकणाऱ्याच्या पायांवरच असते. तिचं काही चुकलं नव्हतं.

जुनी गाडी विकून ही घेतली. आता हीच माझी शाळा. ही रस्त्यात बसली की शाळा बसली.

११ फेब्रुवारी

गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला टाकून आले. तिथला मॅनेजर म्हणजे साखरेचं पोतं! "मॅडम, तुम्ही निर्धास्त राहा." "मॅडम, कॉफी घ्या." मी त्याचं नाव गोडबोल्या ठेवलं. कॉफी मात्र पाणचट होती.

१४ फेब्रुवारी

गाडी परत. "काहीच सापडलं नाही, मॅडम. आमच्या ड्रायव्हरने गावभर फिरवली, एकदाही बंद पडली नाही."

त्या ड्रायव्हरने सीट पार मागे ढकलून ठेवलेली. बसले तर पाय पोचेनात! गाडी जशी काही त्याच्या तीर्थरूपांची! खटाखट ओढून सगळ्यात पुढे घेतली, नेहमीसारखी. घराच्या वळणावर खड्डा लागला — बंद.

१७ फेब्रुवारी

एक गंमत आहे. बांबूच्या हातात गाडी कधीच बंद पडत नाही. बांबू म्हणजे माझा सगळ्यात उंच विद्यार्थी. आत शिरताना त्याची घडी घालावी लागते. गिअर टाकतो तो भाजी चिरल्यासारखा, वळणं घेतो ती देवाच्या भरवशावर. तरी महाराणी त्याच्यावर प्रसन्न!

हे मी भोळेपणाने गोडबोल्याला सांगून बसले. तो लगेच हसला. "बघा मॅडम, म्हणजे चालवणाऱ्यावर आहे." आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला.

२० फेब्रुवारी

आज कंपनीचा कागद हातात पडला. तिसऱ्यांदा तपासणी झाल्यावरचा. लिहिलंय — वाहनात दोष आढळला नाही. प्रशिक्षिकेचा पाय अनवधानाने दुहेरी ब्रेकवर राहत असल्याने इंजिन बंद पडते.

माझा पाय!

माझ्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक आहेत, शिकवायच्या गाडीत असतातच. ते कधी दाबायचे आणि कधी नाही, हीच तर माझी सगळी विद्या. शिकणाऱ्याला कळूसुद्धा न देता मी गाडी थांबवू शकते. आणि हे म्हणतात अनवधानाने! वाचून कानशिलं तापली. तिथेच म्हटलं, "मला दुसरी गाडी हवी. आणि हे वाक्य मागे घ्यायला हवं." गोडबोल्या म्हणाला, "मॅडम, एक सर्व्हिसिंग फुकट देतो." माझ्या विद्येची किंमत एक सर्व्हिसिंग!

घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "जाऊ दे गं, मोठी कंपनी आहे. भिंतीवर डोकं आपटून भिंतीला काय होणार?" हा माणूस कवळ्या बनवतो. दिवसभर लोकांच्या दातांचे साचे घेऊन बसलेला असतो. त्याला विचारलं, "कवळी टोचते म्हणून कोणी आलं, तर तू म्हणतोस का, तुमचं तोंडच चुकलंय?"

तो तोंड उघडायच्या आतच सासूबाई आतून ओरडल्या, "म्हणतो! मला म्हणतो!"

२१ फेब्रुवारी

दोघींनी क्लास सोडला. कारण सांगितलं नाही. पण बाजारात कानावर आलंच — "त्या बाईंना स्वतःलाच धड चालवता येत नाही म्हणे."

२२ फेब्रुवारी

आणि खरंच माझाच पाय असला तर? सवयीचा भाग, आपल्याला कळतही नसेल. आज जेवताना टेबलाखाली पाहिलं — उजवा पाय ताठ, टाच टेकलेली, बोटं वर. जेवतानाही ब्रेकच्या तयारीत! वाईट वाटलं.

२३ फेब्रुवारी

नाही. असं मनात कुढत बसून चालणार नाही. चपला काढल्या आणि सीटवर चक्क मांडी घातली. वरून पट्टा. म्हटलं, आता बोला!

नर्सचा चेहरा पांढराफटक. "मॅडम, पाय खाली घ्या ना!"

"नाही घेणार. आज ब्रेक एकच, तो तुझ्याकडे."

"मी कोणाला ठोकलं तर?"

"तू रोज माणसांना सुया टोचतेस. तेव्हा शेजारी कोणी पाय रोवून बसतं का?"

सासूबाईंना मागच्या सीटवर बसवलं, साक्षीला. हातात फक्त हँड ब्रेक होता. जीव मुठीत धरून बसले होते, खोटं कशाला लिहू. आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या पायांवर एवढा विश्वास टाकला. पोरीने काय सुंदर चालवली! आणि स्पीडब्रेकरवर गाडी बंद!

मी आनंदाने टाळ्या पिटल्या. भर रस्त्यात बंद पडलेल्या गाडीत टाळ्या! माझा पाय नव्हता. माझा पाय नव्हता!

२५ फेब्रुवारी

गोडबोल्याचं म्हणणं, घरच्या माणसाची साक्ष धरता येत नाही. सासूबाई भडकल्या. "मी हिची बाजू घेईन असं वाटलंच कसं त्याला? सासू आहे मी!"

२७ फेब्रुवारी

मागच्या काचेवर कागद चिकटवला. ठळक अक्षरं, लांबून वाचता येतील अशी —

ही गाडी नवी आहे. कधीही बंद पडेल. कंपनी म्हणते, माझा पाय. अंतर ठेवा.

आजपासून सगळे धडे सर्व्हिस सेंटरच्या समोरच्या रस्त्यावर. पुढे, मागे, यू टर्न, पुन्हा पुढे. रस्ता सरकारचा आहे, कोणाच्या बापाचा नाही. नव्या गाड्या बघायला आलेली माणसं काचेवरचं वाचतात, मग दुकानाकडे बघतात, मग पुन्हा काचेकडे.

१ मार्च

गोडबोल्या धावत बाहेर आला. "मॅडम, हे बरं दिसत नाही." म्हटलं, "दिसतच नाही ना तुम्हाला, म्हणून तर लावलंय."

नवरा रुसलाय. त्याच्या गिऱ्हाइकांनीही विचारलं म्हणे. माझ्यामुळे त्याला मान खाली घालावी लागते, असं म्हणाला. हे लागलं मला. पण कागद काढणार नाही.

४ मार्च

आज थोडक्यात वाचलो. पुलाच्या जोडावरून धक्का बसला, गाडी बंद आणि मागे ट्रक. इतक्या जवळ आला की आरशात नुसती जाळी दिसत होती. नर्सने पटकन धोक्याचे दिवे लावले.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. थोड्या वेळाने तो काचेवरच्या कागदाचा फाटलेला कोपरा नीट चिकटवून आला.

६ मार्च

सापडलं! सापडलं! सापडलं!

गोडबोल्याने काल गाडी पुन्हा बघायला घेतली होती. आज आणली, तर सीट पुन्हा पार मागे. इतका संताप आला की पुढे न ओढताच निघाले. अंगठ्याच्या टोकाने क्लच दाबत, मान उंच करत. स्पीडब्रेकर गेला, खड्डा गेला, पुलाचा जोडही गेला. गाडी आपली चालतेय! घराजवळ पाय दुखायला लागले म्हणून थांबले, सीट सगळ्यात पुढच्या खाचेपर्यंत ओढली, निघाले. वळणावरचा खड्डा — बंद.

तशीच बसून राहिले. मग सीट मागे. तोच खड्डा. चालू. सीट पुढे. बंद! शेजारच्या काकू गच्चीवरून बघत होत्या, त्यांना वाटलं असणार बाईचं डोकं फिरलं.

कंपनीचे ड्रायव्हर उंच. बांबू उंच. नर्स, मी, माझ्या बहुतेक बायका बुटक्या. आम्ही सगळ्या त्याच एका खाचेत बसतो. म्हणजे एवढी मोठी कंपनी, एवढी यंत्रं, एवढ्या तपासण्या, आणि आमच्या उंचीचं एक माणूस कधी गाडीत बसवून बघितलं नाही!

११ मार्च

काचेवरच्या कागदापायी कंपनीचे वरचे साहेब सर्व्हिस सेंटरला आले. सहा फूट, इस्त्री कडक. "मॅडम, मी स्वतः चालवून बघतो."

म्हटलं, "जरूर. फक्त सीट माझी ठेवा." आणि शेवटच्या खाचेपर्यंत ओढून दिली.

साहेब आत बसले कसले, कोंबले गेले! गुडघे स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंना वर, हनुवटी हॉर्नवर. मी शेजारी मांडी घालून. मागे सासूबाई आणि गोडबोल्या. अंगणात सगळे मेकॅनिक गोळा झालेले. गेटापाशी त्यांचाच स्पीडब्रेकर आहे. चढली, उतरली — बंद!

"माझे पाय बघा, साहेब," मी म्हटलं.

त्यांनी पुन्हा चालू केली. पुन्हा बंद. तिसऱ्यांदा पुन्हा. सीट मागे घेतल्यावर मात्र सुरळीत. मेकॅनिकनी सीट उचलली. खाली तारांचा जुडगा. सीट शेवटपर्यंत पुढे आली की तिचा लोखंडी पाय बरोबर त्यावर बसतो. पेट्रोल पुढे ढकलणाऱ्या पंपाची तार पार सोलवटली होती.

आणि साहेब काय म्हणावेत! "खरं म्हणजे सीट इतकी पुढे घ्यायची नसते, मॅडम."

"मग ती खाच दिलीत कशाला? शोभेला?"

मागून सासूबाई — "आणि उंची काय दुकानातून आणायची?"

गोडबोल्या पहिल्यांदाच गोड बोलला नाही. खाली वाकून ती तार बघत राहिला.

१९ मार्च

नवी गाडी देणार! त्याच कागदावर, त्याच शिक्क्यानिशी लिहून दिलं — दोष वाहनात होता. प्रशिक्षिकेचा नव्हता.

साहेब म्हणाले, "हजारात एखादीच अशी निघते हो. तुमचं नशीब. झालं ते आता आपल्यातच ठेवू या, काय?" मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. कागद हातात होता, दुसरं काही सुचत नव्हतं.

घरी आल्यावर भरपूर रडले. नवऱ्याने कागद दोनदा वाचला आणि म्हणाला, "तोंड चुकलं नव्हतं तर."

२७ मार्च

नवी गाडी आली. तीच, तशीच, पांढरी. आता मी दुधाने पोळलेली! आधी सीट पुढे ओढली, गेटावरचा स्पीडब्रेकर चार वेळा ओलांडला. ठणठणीत. खाली वाकून पाहिलं तर तारांचा जुडगा पिवळ्या पट्टीने छान बाजूला बांधलेला.

"आता सगळ्या अशाच येतात," गोडबोल्या म्हणाला. "आधी विकलेल्याही झाल्या सगळ्यांच्या नीट."

गेलेल्या दोघींपैकी एकीचा फोन आला. दुसरी येईल. नर्सची परीक्षा पुढच्या आठवड्यात. आता मी पाय खाली ठेवून बसते, पण दोन्ही टाचा मागे. ब्रेकपासून लांब.

८ एप्रिल

नर्स पास झाली! पेढे घ्यायला निघाले होते.

चौकात एक निळी गाडी बंद पडलेली. तीच, माझीच जात. मागे हॉर्न. स्टिअरिंगच्या कडेवरून जेमतेम दिसणारी एक बाई, आणि शेजारी बसलेला माणूस ओरडत होता, "हजारदा सांगितलं, तुला नाही जमायचं!" बाईच्या डोळ्यांत पाणी. "माझंच काहीतरी चुकतंय," म्हणत होती.

माझी गाडी कडेला लावली. तिचं दार उघडलं, रस्त्यावर गुडघे टेकले आणि तिच्या सीटखाली हात घातला.

पिवळी पट्टी नव्हती.

"तुमचं काही चुकलेलं नाही," म्हटलं. "सीट दोन खाचा मागे घ्या, पाय जरा ताणा, चालू होईल. आणि माझ्या मागोमाग या. कंपनीचा रस्ता मला पाठ आहे."