चार हिरवे दिवे

मंगळवार, ११ मार्च

चि. धाकट्या,

आशीर्वाद. तुझ्या वहिनीचे गुडघे सोडले तर इकडे सगळं बरं आहे. तिकडेही बरंच असेल. फोनवर माझा आवाज ऐकला की तू ठेवून देतोस, म्हणून कागद खराब करतोय.

शनिवारी संध्याकाळी क्लबात चार बँड आहेत. मालकाने दारावर पाटी लावलीय, 'स्वतंत्र बँडची मैफल'. स्वतंत्र म्हणजे ज्यांना कुणी विचारत नाही ते. आवाजाचा मिक्सर माझ्याकडे, त्यामुळे ही सगळी ध्यानं मलाच ऐकावी लागतात. पहिल्या बँडात तिघे आहेत. तिघांना मिळून दीड गाणं येतं. दुसऱ्याचा गायक लोकांकडे पाठ करून गातो. का रे बाबा, म्हटलं, तर म्हणे, "अंतर्मुख व्हायचं असतं." म्हटलं, मग घरीच बस, आणखी अंतर्मुख होशील. तिसऱ्यातला गिटारवाला पायाशी आवाज बदलायची अकरा पेडल मांडतो, वाण्याने डबे मांडावेत तसे. अकरांतून आवाज एकच निघतो, पत्र्यावर खडे पडल्याचा. उथळ पाण्याला खळखळाट फार.

चौथा बँड मुलींचा आहे. त्यांच्याबद्दल लिहायचं नव्हतं.

तुला आठवत असेल, तालीम आमच्याकडे उलटी होते. शेवटी वाजवणारे आधी चढतात, म्हणजे पहिल्यांचं सामान जागेवर राहतं. त्यामुळे रविवारी दुपारी या मुली सर्वांत आधी. गाणारी पोरगी डोळे मिटून, एक टाच उचलून उभी होती. तशी टाच उचलणारा मी आयुष्यात एकच पाहिलाय. तुझी लेक, हे कुणी सांगायची गरज पडली नाही. शेवटची पाहिली तेव्हा सहा वर्षांची होती.

आणि मी काय केलं? सगळ्यांदेखत माईकवर म्हणालो, "सूर खाली लागतोय. बापाचा कान घेऊन आलीस वाटतं."

ती रडलीबिडली नाही. खाली उतरली, फोनवर सूर तपासणारा ट्यूनर लावला, माझ्या मिक्सरवर ठेवला आणि तोच सूर पुन्हा लावला. हिरवा दिवा, म्हणजे सूर बरोबर. मी म्हटलं, यंत्र बिघडलंय. तर बाकीच्या तिघींनीही आपापले फोन आणून मांडले. चार हिरवे दिवे! खाली पाळीची वाट बघत बसलेला तो पाठमोरासुद्धा वळून बघायला लागला.

"काका," ती म्हणाली, "बाबा घरात गुणगुणतसुद्धा नाहीत. तुम्ही सांगितलं होतं ना त्यांना, कान बेसूर आहे म्हणून."

ती परत जाऊन गायला लागली. मी ओशाळून डाव्या कानात बोट घातलं, खाजवायला म्हणून, आणि पोरगी एकदम सुरात आली. बोट काढलं, पुन्हा खाली.

काल कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. डावा कान सूर उतरवून ऐकतो म्हणाल्या. "कानात शिटी कधीपासून वाजते?" म्हटलं, आमचा बँड होता तेव्हापासून. ड्रमर माझ्या डाव्या हाताला बसायचा. "मग तेव्हापासूनच," म्हणाल्या.

बारा वर्षांपूर्वी याच मंचावर, कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, सगळ्यांदेखत तुला बेसूर म्हणून मी बँडमधून काढलं. तेव्हाही शिटी वाजत होती. मी कुणाला सांगितलं नाही. आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं पाहावं वाकून. माझा कान चुकेल हे मनातसुद्धा आलं नाही, कारण चुकायला तू होतास, धाकटा.

सुरात तू होतास रे. मला लाज वाटते. वर या बँडांना नावं ठेवलीत, तीही कुठल्या कानाने ठेवली कोण जाणे. पाठमोऱ्याबद्दलचं मात्र मागे घेणार नाही. पाठ डोळ्यांनी दिसते.

शनिवारी सहाला ये. मिक्सरपाशी माझ्या डाव्या बाजूला उभा राहा. तुझी लेक गाईल तेव्हा मी तो कान बंद करीन आणि तू सांगशील तसा हात चालवीन. त्याआधी मला जे बोलायचं असेल ते बोल, सगळ्यांदेखत, मी बोललो होतो तसं. तुझ्यासाठी माईक चालू ठेवतो.

तुझा,
बेसूर कानाचा दादा