शेवाळाच्या वड्या

सोमवार, १८ नोव्हेंबर. सकाळी ६.
टण्ण! स्वप्नात शाळेची घंटा ऐकतच जागा झालो. घंटा कसली, रुळाचा लोखंडी तुकडा. तिच्यापाठोपाठ चाळीस पोरांनी एका सुरात म्हटलेली समुद्राची कविता. पासष्ट वर्षं झाली, एक ओळ विसरलेलो नाही. (काल गॅस बंद करायला विसरलो, ते वेगळं.)
त्यावरूनच मुलाचा, धीरजचा फोन. म्हणे, तात्या, घराला कुलूप लावा आणि सरावलीला माझ्या फ्लॅटवर चला. आई दोन महिने इकडेच आहे नातवाजवळ, तुम्ही एकटे चहा-खारीवर किती दिवस काढणार?
ठणकावलं, रविवारी जेवायला ये. पोटभर जेवलास तर मी चिंचणीतच राहणार. नाहीतर सोमवारी टेंपो आण. तो हसला. हसू दे.

मंगळवार, १९. सकाळी ८, ओहोटी.
मेनू पक्का: समुद्री शेवाळ! व्हिडिओत पाहिलं. आयोडीन, कॅल्शियम, लोह, फायबर. आणि आपण रोज ते तुडवत मॉर्निंग वॉक करतो! खडकावरून पिशवीभर हिरवंगार खरवडलं. शेजारची लाडकी मासळीची पाटी घेऊन चालली होती. विचारते, "माडाला घालता काय, तात्या?" म्हटलं, वड्या करणार. तिने हसायला पाटी खाली ठेवली. "आमी जन्मभर दर्यात, हे कुणी खाल्लेलं बगलं नाय!"
अज्ञान.

बुधवार, २०.
आधी साधी भाजी. मीठ चवीप्रमाणे. शेवाळात समुद्र अगोदरच असतो हे व्हिडिओवाल्याने सांगायला हवं होतं. (सांगितलं असेल. तेवढा भाग मी पुढे ढकलला होता.) भाजी माडाला. चार तांबे पाणी प्यायलो. पाणीही आरोग्याला उत्तमच.

गुरुवार, २१.
अळूवडीसारख्या वड्या. बेसन, चिंच, गूळ. रंग पाचूचा! दाताखाली किंचित कचकच. खनिजं असावीत. लाडकीने एक चाखली नि थुंकली. "वाळूच खायची तर किनाऱ्यावर बसून खाल्ली असती, तुमचं तेल कशाला नासायचं?"
उद्यापासून सात पाण्यांनी धुणार.

शुक्रवार, २२.
सात नाही, दोन पाण्यांनी धुतलं. कंबर धरली.
व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. आयोडीन जास्त झालं तर थायरॉइडला बरं नाही, म्हणून थोडंच खावं. त्या दृष्टीने माझ्या वड्या शास्त्रशुद्ध आहेत. जास्त कुणाला खाताच येत नाहीत.

शनिवार, २३.
विश्रांती. मोठ्या कामाआधी हवीच.

रविवार, २४. दुपारी १.
धीरज आला. एक वडी तोंडात टाकली. बराच वेळ चावला. डोळ्यांत पाणी. भावना असावी. म्हटलं, आणखी घे. म्हणाला, "पहिलीच संपत नाहीये." मग हळूच, "तात्या, उद्याचा टेंपो सांगून ठेवलाय."
मी ताट उचललं. परत खाली ठेवलं. बेसन जड असतं.

दुपारी २.
दारावर थाप. लाडकी असेल म्हणून उघडलं, तर आमची ही, शालू! हातात कपड्यांची पिशवी, मागे रिक्षावाला. वड्यांचा वास सरावलीपर्यंत पोचला वाटतं, असं म्हणणार तोच तिने धीरजला गाठलं. "टेंपोवाला पत्ता विचारायला आला तेव्हा कळलं मला! माझ्या घराला कुलूप लावायला निघालात, मला विचारलंत कुणी?"
खरं तर तिला विचारायचं मलाही सुचलं नव्हतं.
"सांग त्या टेंपोवाल्याला, नको म्हणून," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "आणि तुम्ही सरका. तांदूळ कुठे ठेवलेत?"
मी ताठ मानेने सरकलो. तांदूळ कुठे आहेत, मला माहीत नव्हतं.