पाण्यात पळायले जागा नसते

११ जाने.
यवतमाळ–राळेगाव, दुसरी फेरी. राजूरचा एक माणूस गाडीत बसला. कोकणात बर्फाच्या कारखान्यात आहे, सुट्टीवर आलता. आमच्या गावचं नाव निघालं तर म्हणे, "ताई, तुमच्या गावचा एक बुढा आमच्या बंदरावर खलाशी आहे." नाव सांगितलं.
हातातली तिकिटाची मशीन तशीच राह्यली. मागून लोक ओरडले, "मॅडम, तिकीट!"
जिवंत आहे.

१२ जाने.
नऊ वर्षं. बोंडअळीच्या साली बैलजोडी घेऊन बाजारात गेला, तो गेलाच. माझा बाप. इथून पुढं नुसतं 'तो' लिहीन.
मायले जाऊन दोन वर्षं झाली. त्याले माहीत नसणार. बरंच आहे. मी सांगीन. तोंडावर सांगीन अन् तोंड पाहीन.

२ फेब्रु.
रजा मंजूर. डेपोत सांगितलं नात्यात लग्न आहे. पास आहे, एसटीनंच जाते. रस्ताभर घोकायले वेळ भरपूर.

५ फेब्रु. बंदर.
सापडला. जाळं शिवत बसला होता. काळा पडला, वाळला. उभा राह्यला. "शोभा?"
"ओळखलं तुम्ही." लहानपणी 'बा, तू' म्हणायची. आज प्रवाशाले म्हणते तसं 'तुम्ही'. लागलं त्याले. दिसलं. बरं वाटलं.
रडला. चहा पाजला. आजूबाजूले कोळणी, टोपल्या, गलका. तिथं काय बोलणार.
तोच म्हणाला, "उद्या मालकाची लहान होडी मोकळी आहे. येतं का मासे धराले?"
हो म्हटलं. जमिनीवरून एकदा पळाला. पाण्यात पळायले जागा नसते.

६ फेब्रु.
किनारा रेघेएवढा झाला तवा त्यानं मशीन बंद केली. गळाले कोळंबी लावली, दोरी माझ्या हाती दिली. "बोटावर घे. ओढ लागली की समजते." मी दोनदा ओकले. पाठीवर हात ठेवला त्यानं. झटकला.
मग मासा लागला. दोघांनी मिळून ओढला. लांब, चांदीसारखा, आपटून राह्यलता नुसता. मी हसले. सत्यानाश, हसले मी!
म्हणून लगेच बोलले, "असाच गळ गावातल्या सात विहिरींत टाकला होता आम्ही. तुमच्यासाठी."
तो दोरी गुंडाळत राह्यला.
"त्या वर्षी माणूस घरी आला नाही की लोक विहिरीकडंच पळत. पाचव्या विहिरीत गळ जड लागला. मायनं माझे डोळे झाकले नाहीत. तिचेच उघडे राह्यले होते. मेलेलं वासरू निघालं."
"शोभा..."
"माय मेली. दोन वर्षं झाली."
दोरी सुटली हातातून. पाण्यात गेली, पाह्यलंही नाही त्यानं. मग विचारलं, "वाट पाह्यली का तिनं माही?"
खरं मले माहीत. सात वर्षं रोज कुंकू लावलं. बाया काही बोलल्या तर त्याइले तोडायची. शेवटच्या दिवशी उठता येत नव्हतं तरी आरसा मागितला.
म्हटलं, "नाही. पहिल्याच वर्षी पुसलं. तेरावं केलं तुमचं. नाव घेतलं नाही परत."
वाटलं, आता मोडते हा.
"बरं केलं," म्हणाला. अन् मोठा श्वास सोडला. डोक्यावरचं गाठोडं कोणी उतरवून घ्यावं तसा. मग मशीन चालू केली.

७ फेब्रु. गाडीत.
स्टँडवर विचारलंच शेवटी, काहून गेलता? म्हणे, "जोडी विकली अन् घराकडं पाय वळेना. म्हटलं उद्या जाईन. मग उद्याची लाज वाटली. मग लाजेचीच सवय झाली."
हात हलवत होता. मोकळा दिसला. नऊ वर्षं याच धाकात असेल की ती बसली आहे वाट पाहत. मी जाऊन त्याले सोडवून आले.
खोटं बोलून सोडवलं. खरं बोलले असते तर...

२४ फेब्रु.
तीनदा पत्र लिहिलं, तीनदा फाडलं. पत्रात त्याचं तोंड दिसत नाही.
गाडीत सगळे कापसाचंच बोलतात, कोणाचं फरदडीचं दुसरं पीक, कोणाचा वेचा. माझं लक्ष नाही. आज दोन तिकिटं चुकली.

३ मार्च
बर्फाच्या कारखान्यात फोन लावला. त्याले बोलावून आणलं त्यांनी. धापा टाकत आला. "शोभा? काय झालं बाई?"
"मायचं एक सांगायचं राह्यलं."
"सांग ना मग."
"फोनवर नाही. घरी या."
मग, "गावात कोणत्या तोंडानं येऊ?"
"आहे त्याच."
"पावसाळ्यात होड्या बंद होतात," म्हणाला. "मिरगाले येतो."
येऊ दे. मायच्या खोलीत निजवीन अन् तिथंच सांगीन, एकेक दिवस मोजून.
ऐकून खाली बसला तर? धरीन, का पाहत उभी राहीन? आज दिवसभर विचार केला. दोन्ही खरं वाटते.